दुसऱ्या बाईसाठी

“वैजूताई, तुमच्या ह्या वहीत दुसऱ्याचं इचारलेलं चालतंय का?”

शालननं हे विचारलं तेव्हा तिचे दोन्ही हात सुतात होते आणि नजर फिरणाऱ्या कांडीवर होती.

“चालतं की,” मी म्हणाले. “फक्त तिसऱ्या रकान्यात कुणासाठी ते लिहायचं.”

“नाव घालाय लागतंय?”

“छे, नाव नको. ‘शेजारणीसाठी’, ‘भावासाठी’, एवढं पुरे.”

“मग ब्येस झालं,” ती म्हणाली आणि तुटलेला धागा जोडायला वाकली.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करत होते. विषय होता, माणसं माहिती कशी शोधतात. माझे वडील कऱ्हाडला रेशन दुकान चालवायचे. त्यांना विषय सांगितला तर म्हणाले, “माणसं इचारतात, मग त्यांना कळतं. त्यात तीन वर्षं काय करायची?” मी रागावले होते. आज चोवीस वर्षं हा विषय शिकवते आहे, पण एवढ्या थोडक्यात मला अजून सांगता आलेला नाही.

इचलकरंजीच्या एका गल्लीतल्या वीस बायका मी निवडल्या होत्या. सगळ्या घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या. प्रत्येकीला एक वही दिली होती. मनात प्रश्न आला की लिहायचा: काय प्रश्न, कुठं विचारलं, कुणासाठी, उत्तर मिळालं का. तीन महिने. दर शनिवारी मी गल्लीत जाऊन वह्या बघायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या शालनकडून लिहून घ्यायच्या, कारण सातवी पास झालेली गल्लीत ती एकटीच.

माझे मार्गदर्शक सबनीस सर. फार कडक माणूस. निघताना त्यांनी बजावलं होतं, “मोहितेबाई, आपण प्रश्न मोजायला जातोय. उत्तरं द्यायला नाही. तुम्ही एक जरी उत्तर दिलंत ना, तर पुढचे सगळे प्रश्न तुमच्या तोंडाकडे बघून येतील. सगळी आकडेवारी नासेल.” मी मान डोलावली. नियम पाळण्यात माझा हात कुणी धरला नसता.

बाकीच्या वह्यांत काय असायचं? रॉकेल कधी येणार, पोराच्या कानात पाणी गेलंय काय घालू, नळ किती वाजता. शालनच्या वहीत मात्र स्वतःचा प्रश्न औषधालासुद्धा नव्हता. तिसऱ्या रकान्यात सगळं गाव: भावासाठी, दूधवाल्यासाठी, कोपऱ्यावरच्या म्हातारीसाठी.

“तुला स्वतःला काही पडत नाहीत का गं प्रश्न?” मी एकदा चेष्टेनं विचारलं.

“मला कुटला येळ?” ती हसून म्हणाली. “मी आपली पोष्टाची पेटी हाय.”

तिचं घर म्हणजे अर्धं घर होतं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मधोमध एक भिंत घातली, तीही पुरुषभर उंचीची, वर पत्र्यापर्यंत नुसती हवा. पलीकडे तिची थोरली जाऊ, हौसाबाई, एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याला. सोबतीला रंगी नावाची शेळी. ह्या दोघी जावा नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. शालनला तिसरीही मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या दिवशी हौसाबाई भर बायकांत म्हणाल्या होत्या, “आता ह्येच्यासाठी पेढं कशाला वाटायचं?” शालननं तिथंच पाळण्याची दोरी सोडून दिली. तेव्हापासून अबोला.

अबोला, पण गप्प बसतील त्या बायका कसल्या! पलीकडून हौसाबाई शेळीला मोठ्यानं सांगायच्या, “रंगे, आज नळ लवकर जाणार हाय म्हनं, ज्येला भरायचंय त्येनं भरून घ्यावं.” अलीकडे शालन घागर उचलायची. मग शालन मांजरीला दम द्यायची, “भाईर कुनाची वाळवनं असतील तर आभाळ आलंय बगा.” पलीकडे सुपं हलल्याचा आवाज यायचा. लेकी बोले सुने लागे, ते हेच. मला पहिल्या शनिवारी हसू आवरेना. नंतर सवय झाली, आणि संशोधनाच्या दृष्टीनं मी तिकडे लक्ष देणंच सोडून दिलं. शेळीला विचारलेले प्रश्न माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

पाचव्या शनिवारी शालनच्या वहीत पहिल्यांदा तो प्रश्न दिसला.

‘छातीत गाठ लागती, दुखत न्हाई, तर ती चांगली का वाईट?’ कुणासाठी: दुसऱ्या बाईसाठी. कुठं विचारलं: कुटंच न्हाई.

सहाव्या शनिवारी: ‘गाठ आली की समदं कापूनच टाकत्यात का?’ दुसऱ्या बाईसाठी.

सातव्या शनिवारी एकाखाली एक तीन: ‘डाक्टर बाप्या असतोय का बाई?’ ‘लुगडं समदं सोडाय लागतंय का?’ ‘गल्लीत कळल्याबिगर जाऊन येता येतं का?’ तिन्हींपुढे तेच. दुसऱ्या बाईसाठी.

आमच्या विषयात पहिल्याच वर्षी शिकवतात की लाजेचा प्रश्न माणूस स्वतःच्या नावावर विचारत नाही, दुसऱ्याच्या नावावर खपवतो. मी वहीवरून मान वर करून शालनकडे बघितलं. अडतीस वर्षांची, तीन मुली पदरात, नवरा मागावर बाराबारा तास उभा. ती कांडी भरत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. निदान मला तसं वाटलं.

“शालन, ही बाई कोण गं?”

“हाय एक.”

“तिनं दाखवलं का कुठं?”

“ती दाखवनार न्हाई. नर्सबाई आलती तर तिला म्हनली, मला काय धाड भरल्या? भ्या वाटतंय तिला.” मग थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “लई भ्या वाटतंय.”

हे शेवटचं वाक्य तिनं अशा आवाजात म्हटलं, की माझी खात्रीच पटली.

सरांचा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. दवाखान्यातलं एक माहितीपत्रक आणून तिच्या वहीत सरकवलं. पुढच्या शनिवारी वहीत नवा प्रश्न: ‘कागदावर बाई हसायला लागल्या. ती का हसती?’ दुसऱ्या बाईसाठी. मी ते पत्रक पुन्हा काढून बघितलं. खरंच, छातीच्या कर्करोगाच्या माहितीवर एक बाई दात दाखवून हसत होती.

मग माझ्यानं राहवेना. आकडेवारी गेली खड्ड्यात, म्हटलं. मी शालनचा हात धरून कांडी थांबवली.

“हे बघ, मला सगळं कळलंय. तू काही बोलू नकोस. सोमवारी माझ्याबरोबर कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात चल. मी असेन शेवटपर्यंत. गल्लीत सांगू की वहीच्या कामासाठी नेलं.”

शालन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं एकदा भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, “चला. बगून तर येऊया.”

सोमवारचा तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण शालन वागलीच तशी चमत्कारिक. मला वाटलं होतं, भेदरलेली बाई असेल, धीर द्यावा लागेल. ही तर दवाखाना विकत घ्यायला आल्यासारखी हिंडत होती. केसपेपरची खिडकी कुठं? बायकांची रांग वेगळी आहे का? आतल्या खोलीला पडदा आहे की दार? मुतारी कुठं? एका आयाला तर तिनं विचारलं, “नऊवारी नेसनाऱ्या बायकांनी काय करायचं?” आया म्हणाली, “त्यात काय, चोळी तेवढी सोडायची, लुगड्याला कोण हात लावतंय?” शालननं ते ओठ हलवत दोनदा मनात म्हटलं. मी समजले, भीती घालवायला बडबडते आहे बिचारी.

डॉक्टर बाईच होत्या. आत नेऊन तपासलं, आणि दहा मिनिटांनी मला बोलावून म्हणाल्या, “हिला काहीही नाही. एकदम ठणठणीत आहे.”

मला काय रडू फुटलं म्हणता! डॉक्टरांसमोर घळाघळा. शालनला मिठी मारली. ती मात्र घोडं अडल्यासारखी खुर्चीला चिकटून बसलेली.

“डाक्टरीनबाई, आनि समजा असती, तर म्होरं काय केलं असतंसा?”

“नाहीये ना पण,” डॉक्टर हसून म्हणाल्या.

“न्हाई हो. पर असती तर?”

डॉक्टर बाई भल्या. बाहेर रांग होती तरी त्यांनी सांगितलं: आधी एक बारीक सुई घालून तपासणी, त्याचा निकाल आठ दिवसांनी, गाठ लहान असली तर तेवढीच काढता येते, सगळं कापावंच लागतं असं नाही, लवकर आलेल्या बाया बऱ्या होऊन नातवंडं खेळवतात. गुरुवारी गाठींचा वेगळा बाह्यरुग्ण विभाग असतो. शालन ऐकत होती. ज्या बाईला नुकतंच जीवदान मिळालं तिच्या तोंडावर मला सुटल्याची एक रेघसुद्धा दिसत नव्हती. परतीच्या एसटीत मी थोडी चिडलेच होते. एवढा जीव टाकला, आणि ही साधं हसेना.

“च्या घेऊन जावा,” ती घरी पोचल्यावर म्हणाली.

दुपारचे चार वाजले होते. मुली शाळेत, नवरा कामावर. पलीकडे रंगी पाला चावत होती. शालननं चहा ठेवला, भिंतीला पाठ लावून बसली आणि नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्या आवाजात म्हणाली,

“वैजूताई, ऐका. मोटारीतनं उतारलं की डाव्या हाताला मोठं दार. आत गेलं की तिसरी खिडकी. तितं नाव सांगायचं.”

“अगं, मला माहितीय,” मी म्हणाले. “मीच तर तुला—”

तिनं चट्‌कन माझ्या तोंडावर हात ठेवला. सुताचा वास असलेला, खरखरीत हात. आणि माझ्या डोळ्यांत बघत तशीच मोठ्यानं बोलत राहिली.

“बायकांची रांग येगळी हाय. पडदा न्हाई, दार हाय, आतनं कडी लागती. डाक्टर बाई हाय, बाप्या न्हाई. हात गरम हायती तिचं. लुगडं सोडाय लागत न्हाई, चोळी तेवढी.”

लुगडं! माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. शालन पाचवारी गोल साडी नेसायची. दोन महिने मी तिला बघत होते. लुगडं नेसायच्या त्या भिंतीपलीकडच्या हौसाबाई.

तिनं वहीत स्वच्छ लिहिलं होतं, दुसऱ्या बाईसाठी. एकदा नाही, सहा वेळा. वीस वह्यांतली ती सर्वांत खरी नोंद होती आणि मी, माणसं कशी विचारतात त्याची पंडित, तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

शालन सांगत होती. डॉक्टर काय म्हणाल्या, लहान गाठ तेवढीच काढतात, सगळं कापत नाहीत, बाया बऱ्या होतात. काही विसरली नाही, स्वतःचं काही घातलं नाही. चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

बोलणं संपलं. पलीकडे रंगीचं पाला चावणंही थांबलं होतं. मग भिंतीवरून हौसाबाईंचा आवाज आला, बारीक, कापरा.

“रंगे, इचार की गं. सुई टोचत्यात तवा लई दुखतंय का म्हनावं.”

शालननं डोळे मिटले. मला वाटलं आता ती सांगेल, छे, मुंगी चावल्यागत. मी असते तर तेच सांगितलं असतं.

“वैजूताई,” ती भिंतीला पाठ लावूनच म्हणाली, “ते मला ठावं न्हाई. मला टोचली न्हाई. खोटं कशाला सांगू? पर टोचताना बाईचा हात धराय मानूस आत जाऊन देत्यात, ते मी इचारून आलोय.” (तिकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात.) मग तिनं आवाज आणखी मोठा केला. “बेस्पतवारी सकाळी सातची मोटार हाय. मी त्या मोटारीनं निघनार हाय. कुनाला यायचं असंल तर यावं.”

पलीकडे रंगी पुन्हा पाला चावायला लागली.

मी तिला गल्लीच्या तोंडाशी आणून विचारलं, “मला सांगितलं का नाहीस? सरळ म्हणायचं की, माझी जाऊ आहे.”

“तिचं दुखनं मी कसं सांगू?” शालन म्हणाली. “तिनं मला कुटं सांगितलंय? शेळीला सांगितलंय. म्या ते भितीआडनं ऐकलं. ऐकलेलं गावभर केलं तर ती काय म्हनंल?”

“आणि तपासून घ्यायला लागलं तरी गप्प बसलीस!”

“तुमी एवढ्या मायेनं म्हनलासा, चल. म्या इचार केला, तुमचा कागद भितीवरनं टाकला, पर नुसता त्यो बगून ती जानार न्हाई. कोनतरी जाऊन आलेलं पायजे. मग मीच जाऊन येतो.”

“नऊ वर्षं बोलत नाही ना तिच्याशी?”

“बोलत न्हाई, खरं हाय. तो शब्द म्या अजून इसरलो न्हाई.” तिनं पदर तोंडाला लावला. “पर नऊ वर्सं तिचं खोकनं, कन्हनं, देवाफुडं पुटपुटनं समदं ऐकतो मी. नवऱ्याचं एवढं ऐकलं न्हाई. ती गेली तर त्या बाजूला कोन बोलंल, ताई? म्या कुनाला ऐकत बसू?”

आणि ती रस्त्यातच रडली.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. गाठ वाईटच होती, पण लहान होती, वेळेत निघाली. हौसाबाई त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत कुणालाही सांगत, आपल्याला कधी काही झालंच नव्हतं. सबनीस सरांना मी सगळं कबूल केलं. ते टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, “त्या सहा ओळीच काय, सगळी वही बाद.” मी दाराशी पोचले तेव्हा मागून हाक आली, “मोहितेबाई, ती दुसरी बाई कशी आहे आता?” सरांना प्रश्न विचारताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी सकाळी कुणाला काय माहीत होतं! साडेसहापासून शालन आणि मी स्टँडवर उभ्या. पावणेसात झाले, सात झाले. गाडी लागली, माणसं चढली. शालन पायरीशी दांडा धरून उभी. कंडक्टर ओरडला, “ओ बाई, येताय का राहताय?” ती हलेना. कंडक्टरनं दोरीला हात घातला, तेव्हा रस्त्यापलीकडून एक काठापदराचं हिरवं लुगडं आलं. काखेत पिशवी, चेहरा दगडासारखा. हौसाबाई आमच्याकडे न बघता गाडीत चढल्या आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर बसल्या. शालन मागं बसली. साऱ्या वाटेत तिची नजर त्या पाठमोऱ्या अंबाड्यावर होती.

उतरल्यावर शालन पुढं आणि त्या दहा पावलं मागं. डाव्या हाताला मोठं दार आलं. शालन वळली, की त्या वळायच्या. तिसऱ्या खिडकीशी शालन बाजूला झाली आणि त्यांना रांगेत पुढं जाऊ दिलं. मी खांबाशी उभी राहिले.

खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “नाव?”

“हौसाबाई लोकरे.”

“वय? काय होतंय? आधी कधी आला होता? संगं कोण आहे?”

एका दमात एवढे प्रश्न. हौसाबाईंनी खिडकीच्या गजाला धरलं. मागच्या बाया पुढं सरकायला लागल्या. मला वाटलं, आता ह्या मागं फिरणार, आणि फिरल्या तर पुन्हा कधी यायच्या नाहीत. मी एक पाऊल पुढं टाकलं. त्या खरोखरच वळल्या, पण जायला नाही. हात लांब करून त्यांनी शालनचं कोपर पकडलं आणि तिला ओढून खिडकीसमोर उभं केलं.

“मला काय बी इचारू नगा,” त्या खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या. “ही माझी धाकटी जाऊ. ही येऊन गेलीया हितं. हिला समदं ठावं हाय, हिलाच इचारा.”

शालनच्या कोपरावरचा हात तसाच होता. तिनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि खिडकीत वाकली.

“साठ लिवा,” ती म्हणाली.

“अट्ठावन!” हौसाबाई तिच्याकडे वळून कडाडल्या. “एवढी म्हातारी करतीस व्हय गं मला?”

“अट्ठावन लिवा,” शालन रडत रडत म्हणाली. “आक्का म्हनत्या तसं लिवा.”